शिफॉनचे स्टोल न्यू जर्सीला पाठवायचे आहेत? आधी काटा आणा

सोलापूरच्या साखर पेठेतून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"घरीच चार मशिनांवर रेशमी स्टोल आणि कुर्त्या शिवते. भाचा न्यू जर्सीत असतो, तिकडे विकायची त्याची तयारी आहे. मागे तीस स्टोलचं पार्सल 'गिफ्ट' लिहून पाठवलं तर ते तिथे अडकलं. कुरियरवाले धाग्याचे टक्के विचारू लागले, बनवणाऱ्याचा कोड मागू लागले. आम्हाला काहीच कळेना. शेवटी पैसे भरून कसंबसं सुटलं. आता मोठा माल पाठवायचा आहे. छापील शिफॉनचे १२० स्टोल (कापड बंगळुरूच्या व्यापाऱ्याचं, कडा आम्ही शिवतो), आपल्याच इथल्या विणकराकडून विणून घेतलेले रेशीम-सुती ८० स्टोल, टसरच्या ६० कुर्त्या आणि भाच्याच्या हौसेखातर चार ते आठ वर्षांच्या मुलींची २५ परकर-पोलकी. कागद कुठले लागतात? लेबलवर काय लिहायचं? आणि 'गिफ्ट' लिहिलेलं पुन्हा चालेल का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. विकायचा माल भेट म्हणून दाखवणं ही तिथल्या कस्टमच्या लेखी खोटी नोंद आहे आणि ती भाच्याच्या नावावर चढते. शिवाय आता त्यातून वाचत काहीच नाही. आठशे डॉलरच्या आतलं पार्सल विनाशुल्क आत जायचं ती सवलत अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी बंद केली. तीसतीसचे गठ्ठे करून पाठवण्याची युक्तीही तिथेच संपली.

आता कागद. कागद मिळतात हो, ते अवघड नाहीत. पण कुठला कागद लागणार हे कापडावरून ठरतं, म्हणून आधी काटा आणा. भाजीचा नाही, सराफाकडे असतो तसा, ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा. प्रत्येक जातीच्या कापडाचा १० सेंटीमीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद तुकडा कापा, काठ सोडून. वजनाला शंभराने गुणा की एका चौरस मीटरचं वजन, म्हणजे जीएसएम मिळतं. तुकडा ०.३५ ग्रॅम भरला तर कापड ३५ जीएसएमचं. तुकडा कापायचा जिवावर येत असेल तर अख्खा स्टोल तोला: ७० बाय २०० सेंटीमीटरचा स्टोल म्हणजे १.४ चौरस मीटर, तो ४९ ग्रॅम भरला तरी हिशेब तोच येतो. रेशमाचे व्यापारी 'मॉमी'त बोलतात. एक मॉमी म्हणजे ४.३४ जीएसएम.

हे कशासाठी, तर अमेरिकेत अंगावर घालायच्या प्रत्येक कापडाला आगीचा नियम आहे. मूळ कायदा १९५३ चा. कापडाची पट्टी ४५ अंशांच्या कोनात धरतात, तिला एक सेकंद ज्योत लावतात आणि आग ठरावीक अंतर जायला किती वेळ घेते ते मोजतात. सपाट पृष्ठभागाच्या कापडावर साडेतीन सेकंदांच्या आत आग पोचली तर ते कापड तिसऱ्या वर्गात गेलं, म्हणजे विक्रीला बंदी. आता सूट बघा. सपाट कापड ८८.२ जीएसएम किंवा त्याहून जड असेल तर चाचणी लागत नाही, धागा कुठलाही असो. पॉलिस्टर, नायलॉन, अ‍ॅक्रिलिक, लोकर अशा काही धाग्यांना तर वजन कितीही असलं तरी सूट आहे. त्या यादीत रेशीम नाही. रेशीम जळताना आक्रसतं, केस जळल्यासारखा वास येतो, आग हटवली की बरेचदा आपोआप विझतं. हे सगळं खरं आहे. पण शिफॉन इतकं विरळ असतं की धाग्याधाग्याच्या मधल्या हवेवर आग पळते. पातळ रेशमी स्कार्फ तिकडच्या बाजारातून परत मागवले गेले आहेत ते याच कारणाने.

८८.२ जीएसएम म्हणजे साधारण २०.३ मॉमी. तुमचं शिफॉन ८ मॉमीचं असेल तर ते ३५ जीएसएमच्या आसपास, म्हणजे चाचणी अटळ. १६ मॉमीचं क्रेप ६९ जीएसएम, तेही आत. १९ मॉमीचं सॅटिन 'चांगलं जाड आहे' म्हणून लोक निर्धास्त राहतात, ते भरतं ८२. तेही आतच. २२ मॉमीचं ९५, ते सुटलं. टसर तोलल्याशिवाय सांगता येत नाही, कारण ते पातळही येतं आणि पोत्यासारखं जाडही. आणि ही सूट सपाट कापडालाच आहे. मखमलीसारखं किंवा ब्रश करून लव काढलेलं असेल तर जड असूनही चाचणी करावी लागते.

मोठ्यांच्या कपड्यांसाठी ही चाचणी कुठल्याही जाणत्या प्रयोगशाळेतून करता येते. मुंबईला वस्त्र समितीची प्रयोगशाळा आहे, खासगीही आहेत. मागताना '१६ सीएफआर १६१०' (वर सांगितलेल्या आगीच्या नियमाचा हा क्रमांक) हेच शब्द वापरा, नुसतं 'आगीची टेस्ट' म्हणाल तर पडद्याच्या कापडाची करून देतील. पट्ट्या भट्टीत १०५ अंशांना अर्धा तास वाळवून तपासतात, मग एकदा ड्रायक्लीन आणि एकदा धुऊन पुन्हा तपासतात. मीटरभर कापड बाजूला ठेवा, आणि ते छापून-फिनिश करून झालेलं द्या, कोरं नको. कोऱ्या कापडाचा अहवाल छापील मालाला जोडता येत नाही. छपाई आणि सॉफ्टनर यांनी जळण्याचा वेग बदलतो. घरी काडी लावून बघितलेल्याला कोणी विचारत नाही.

अहवाल हातात आला की त्याच्या आधारे भाच्याने, आयातदार म्हणून, अनुरूपतेचं सामान्य प्रमाणपत्र बनवायचं. तिकडे त्याला जीसीसी म्हणतात. ते कुठलं ऑफिस देत नाही, आपणच एका पानावर लिहायचं: माल कोणता, नियम कोणता, आयातदाराचं नाव-पत्ता, चाचणीची कागदपत्रं कोणाकडे आहेत, माल कुठे आणि कधी बनला, चाचणी कुठे आणि कधी झाली, प्रयोगशाळा कोणती. ही माहिती मालाच्या नोंदीबरोबर संगणकावरून भरायला लावणारा नियम आला आहे, त्याची ठरलेली तारीख ८ जुलै २०२६. तेव्हा कागद भाच्याच्या फायलीत असून भागणार नाही, तिकडे कस्टमची कामं करून देणाऱ्या ब्रोकरच्या हातात आधीच हवा.

आता बंगळुरूचं शिफॉन. व्यापाऱ्याला लेखी विचारा: हे कापड विणलं कुठे? बरंच पातळ रेशमी कापड चीनमधून विणून येतं आणि आपल्याकडे छापलं जातं. आपल्याला वाटतं, छापलं भारतात, कडा शिवल्या सोलापुरात, म्हणजे माल भारताचा. स्कार्फ, स्टोल, शाल यांच्या बाबतीत अमेरिकेचा नियम तसं मानत नाही. तिथे मूळ देश म्हणजे कापड जिथे विणलं गेलं तो. अपवाद आहे, पण तो रंगवणं आणि छापणं दोन्ही एकाच देशात करून वर ठरलेल्या यादीतल्या आणखी दोन फिनिशिंग प्रक्रिया केल्या तरच; नुसत्या छपाईने भागत नाही. म्हणजे कापड चिनी असेल तर तुमच्या १२० स्टोलवर 'मेड इन चायना' लिहावं लागेल, आणि चिनी मालावरचं वेगळं जादा शुल्कही लागेल. 'मेड इन इंडिया' शिवून पाठवलं आणि पकडलं गेलं तर चुकीच्या खुणेबद्दल किमतीच्या १० टक्के शुल्क वेगळं.

उलट धागा चिनी असला तरी त्याने मूळ देश बदलत नाही. धागा कुठलाही असो, विणकाम सोलापुरात झालं की स्टोल भारताचा. म्हणून आमचं मत विचाराल तर या खेपेला शिफॉन भारतात विणलेलंच घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या. कुर्त्यांचा नियम वेगळा आहे: दोन किंवा जास्त तुकडे जोडून शिवलेला कपडा जिथे पूर्ण शिवला तो देश. कुर्ती तुमच्या मशिनवर शिवली की ती भारताचीच, टसर कुठलंही असो.

यातच तुमच्या 'कोड'चं उत्तर आहे. तो उत्पादकाचा ओळख क्रमांक, एमआयडी. तो कुठे अर्ज करून मिळत नाही, नाव-पत्त्यावरून रचतात: सुरुवातीला देशाची दोन अक्षरं, मग नावाच्या पहिल्या दोन शब्दांची तीन-तीन अक्षरं, पत्त्यातला आकडा आणि शेवटी गावाची तीन अक्षरं, सोलापूरचं 'एसओएल'. कापडाच्या बाबतीत अट अशी की ज्याच्या कामामुळे मालाला मूळ देश मिळतो त्याचाच हा क्रमांक हवा. म्हणजे कुर्त्यांसाठी तुमचा, पण रेशीम-सुती स्टोलसाठी विणकराचा. व्यापाऱ्याचा किंवा निर्यातदाराचा कोड घातला की माल अडतो.

रेशीम-सुती स्टोलमध्ये एक गोम आहे. अमेरिकेत मिश्र कापड वजनाने ज्याचं जास्त त्या धाग्याचं मानतात. रेशीम ७० टक्के किंवा जास्त असलेल्या स्कार्फवर मूळ शुल्क १.२ टक्के, त्याहून कमी पण तरी रेशीमच जास्त असेल तर ३.९ टक्के. सूत जास्त भरलं तर थेट ११.३ टक्के. अगदी निम्मंनिम्म भरलं तरी सुताकडेच जातं. आता विणकर म्हणतो, "ताई, पंचावन्न टक्के रेशीम घातलंय." तो खोटं बोलत नाही. पण त्याने कच्चं रेशीम घातलं आणि कापड विणल्यावर उकळून डिंक काढला तर? कच्च्या रेशमावर सेरिसिनचा, म्हणजे या डिंकाचा, थर असतो, उकळल्यावर वीस ते पंचवीस टक्के वजन पाण्यात जातं. १०० ग्रॅमच्या कापडात ५५ ग्रॅम रेशीम होतं, त्याचे उरले ४१. सूतही किंचित हलकं होतं, पण ते साधारण ४५ च्या जवळच राहतं. झालं, रेशीम ४८ टक्क्यांच्या आसपास आलं. माल सुताच्या रकान्यात गेला आणि लेबलवरचा ५५ चा आकडा सात टक्क्यांनी खोटा ठरला. कायद्याने सूट मिळते तीन टक्क्यांची. म्हणून टक्केवारी मागावरची लिहू नका; तयार, उकळलेल्या, रंगवलेल्या कापडाची प्रयोगशाळेतून काढा, आणि विणकराला ६५ टक्क्यांच्या पुढेच धरायला सांगा. सुताच्या खरेदीची बिलंही जपून ठेवा. चीनच्या शिनजियांगच्या कापसाला अमेरिकेत बंदी आहे, आणि २१ जून २०२२ पासून पुरावा देण्याची जबाबदारी आयातदारावर आहे.

कुर्त्यांबद्दल फार सांगायचं नाही. बायकांच्या रेशमी ब्लाउजचा मूळ दर ६.९ टक्के. कुर्ती ब्लाउजमध्ये धरतील की ड्रेसमध्ये, हे लांबीवरून ठरतं, म्हणून बिलावर खांद्यापासूनची लांबी सेंटीमीटरमध्ये लिहा. शंका असेल तर भाचा तिथल्या कस्टमकडून आधीच लेखी निर्णय मागवू शकतो, त्याला फी नसते. मात्र 'आर्ट सिल्क', 'सेमी सिल्क' असलं काही रेशीम म्हणून पाठवू नका. पॉलिस्टरच्या ब्लाउजवर २६.९ टक्के शुल्क आहे, तेव्हा ते रेशीम म्हणून दाखवणं हा नुसता लेबलचा घोटाळा राहत नाही, तो शुल्कचुकवेगिरी होतो. सॅटिन ही वीण आहे, धागा नव्हे, हेही भाच्याला सांगून ठेवा. तिकडे जाहिरात तोच लिहिणार. इथे खरेदी करताना सिल्क मार्कची चिठ्ठी बघून घ्यावी, पण तिकडच्या लेबलची जागा ती घेत नाही. आणि कुर्त्यांना शिंपल्याची बटणं लावली असतील तर काढून टाका. शिंपला हा तिथे वन्यजीवांपासूनचा माल धरतात, त्याची वेगळ्या खात्याकडे वेगळी नोंद करावी लागते. साठ कुर्त्या बटणापायी अडायच्या.

या सगळ्या दरांच्या वर २०२५ पासून भारतीय मालावर जादा शुल्क आलं आणि त्याचा आकडा पुन्हा पुन्हा बदलत राहिला आहे. तो इथे छापण्यात अर्थ नाही. भाच्याने ब्रोकरला किंमत ठरवताना एकदा आणि माल निघायच्या आदल्या दिवशी एकदा विचारावं. खेप अडीच हजार डॉलरच्या वर गेली की औपचारिक नोंद, हमीपत्र म्हणजे बाँड आणि ०.३४६४ टक्के प्रक्रिया शुल्क लागतं.

परकर-पोलकी या वेळी पाठवू नका. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचा माल म्हटला की सगळं शास्त्र बदलतं. चाचणी तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतूनच, प्रमाणपत्र मुलांच्या मालाचं वेगळं, आणि प्रत्येक नगावर न निघणारी खूण हवी: कोणी, कुठे, कधी बनवलं, कुठल्या गठ्ठ्यातलं. साध्या रंगवलेल्या कापडाला शिशाच्या चाचणीतून सूट आहे, पण हूक, बटणं, टिकल्या, वर छापलेली खडी यांना नाही; घटकात शिसं दशलक्षात १०० भागांच्या आत आणि रंगाच्या लेपात ९० च्या आत हवं. परकराचं रेशीम जड असलं तरी आतलं मलमलीचं अस्तर ८८ जीएसएमच्या खाली भरतं, म्हणजे त्याची आगीची चाचणी आलीच. पंचवीस नगांना हा खर्च झेपत नाही. दोनशे नगांची ऑर्डर आली तर एकाच कापडात, एकाच प्रकारच्या हुकात बसवून मग विचार करा.

लेबल इंग्रजीत हवं, आणि त्यावर तीन गोष्टी: धागे वजनाच्या टक्क्यांनी, जास्त ते आधी, देशाचं नाव, आणि कंपनीचं नाव किंवा त्याऐवजी चालणारा नोंदणी क्रमांक, म्हणजे आरएन. आरएन तिथल्या व्यापार आयोगाकडून फुकट मिळतो, पण अमेरिकेत व्यवसाय असणाऱ्यालाच, म्हणजे अर्ज भाच्याने करायचा. 'हंड्रेड परसेंट सिल्क' लिहिलं तर तीन टक्क्यांची सूट नाही, शंभर म्हणजे शंभरच. जरीचा काठ किंवा बुट्टी असेल आणि ती वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत असेल तर 'एक्सक्लूझिव्ह ऑफ ऑर्नमेंटेशन' असं जोडून जरीचा धागा टक्केवारीतून वगळता येतो. कुर्तीत देशाचं नाव मानेमागे, दोन खांद्यांच्या शिलाईंच्या मधोमध, आतून. स्टोलला कुठेही चालतं, पण दिसायला हवं.

धुण्याच्या सूचनेचं लेबल मात्र कायमचं टिकणारं लागतं, आणि सूचनेमागे पुरावा लागतो. आपल्याकडे सवयीने 'ड्राय क्लीन ओन्ली' लिहून टाकतात. त्या 'ओन्ली'चा अर्थ 'धुतलं तर बिघडेल' असा होतो आणि ते दाखवता यायला हवं. नसेल तर नुसतं 'ड्राय क्लीन' लिहा. तेही लिहिण्याआधी प्रत्येक रंगाचा एक स्टोल खरोखर ड्रायक्लीनला द्या, चिकटवलेल्या टिकल्या सुटतात का बघा, पावती आणि तो नग दोन्ही ठेवा. शिफॉनला मोठं लेबल शिवलं की पहिल्याच ओढीत कापड फाटतं. बोटभर लांबीचं मऊ सॅटिनचं लेबल दुमडून कोपऱ्यातल्या कडेच्या दुमडीत, कड शिवतानाच घ्या. नंतर शिवायला गेलात तर सुईची भोकं दिसतात.

भाच्याला आधी दोन-चार नमुने पाठवायचे असतील तर ते विकता येणार नाहीत असे करून पाठवा: उठून दिसेल अशा पक्क्या शाईने मोठं 'सॅम्पल' लिहा किंवा कात्रीने चीर द्या. धडधाकट स्टोलला नमुना कोणी मानत नाही.

इकडची बाजू त्यामानाने सरळ आहे. आयात-निर्यात कोड, बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे ज्या शाखेत येणार तिचा क्रमांक) कस्टमच्या पोर्टलवर नोंदवलेला, आणि जीएसटी न भरता निर्यात करायची तर दरवर्षी एलयूटी, म्हणजे जीएसटी खात्याला द्यायचं लेखी वचनपत्र. कुरियरने जात असेल तर 'सीएसबी पाच' प्रकारचं शिपिंग बिल करायला सांगा. 'सीएसबी चार' भेटी आणि नमुन्यांसाठी असतं. कुरियरच्या काउंटरवर न विचारता तेच फाडतात, आणि मग ती खेप तुमच्या निर्यातीत धरली जात नाही.

राहिलं बिल. 'लेडीज दुपट्टा, १२० नग' असं लिहिलेलं बिल तिथे वाचणाऱ्याला काही सांगत नाही, आणि न कळलेलं पार्सल बाजूला ठेवलं जातं. दुपट्टा, स्टोल, ओढणी काहीही असो, तिथे त्याला स्कार्फ म्हणतात. प्रत्येक जातीची एक ओळ, अशी: 'वूमन्स स्कार्फ, वोव्हन, १०० टक्के सिल्क, प्रिंटेड, ३५ जीएसएम, ७० बाय २०० सेंटीमीटर, फॅब्रिक वोव्हन इन इंडिया, १२० नग', पुढे एका नगाची खरी किंमत डॉलरमध्ये, आणि खाली त्या ओळीचा एमआयडी. हे सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करून छापील द्या. हाताने लिहिलेला आठ आणि तीन यांचा घोळ झाला तर ३५ जीएसएमचं कापड त्यांना ८५ चं वाटेल, आणि मग अहवाल आणि माल जुळत नाही म्हणून पुन्हा तेच.